लॅपटॉपचं वायफाय अचानक गायब झालं, तर मदरबोर्डाआधी काय काय तपासायचं

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: लॅपटॉप साडेतीन वर्षांचा, विंडोज ११. परवा रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं. काल सकाळी झाकण उघडलं तर उजव्या कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीगोल, आणि सेटिंगमध्ये वायफायचा पर्यायच नाही. घरातले फोन त्याच राउटरवर चालताहेत. एका ओळखीच्यांनी फॉरमॅट मारायला सांगितलंय, दुकानात मदरबोर्ड (लॅपटॉपच्या आतला मुख्य बोर्ड) गेल्याचं सांगून १२ हजारांचा अंदाज दिलाय आणि सोमवारपासून तुमचे शिकवणीचे ऑनलाइन वर्ग आहेत.

मी १८ वर्षं चिपळूणला लॅपटॉप दुरुस्त करतोय. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मदरबोर्ड गेला असा निष्कर्ष कुणालाच काढता येणार नाही. तो गेलाच नसेल असंही मी म्हणत नाही, पण तिथपर्यंत पोचायच्या आधी चार-पाच गोष्टी आहेत. त्यातल्या बहुतेक फुकट आहेत आणि घरी बसून करता येतात. फॉरमॅट मात्र मारू नका. कारण पुढे सांगतो.

आधी सोमवारची सोय. तुमचा अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपवर इंटरनेट येईल. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगची केबल लावली तर तो पर्याय पुसटच राहतो, आणि लोकांना वाटतं फोनमध्ये सोयच नाही. पुढे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, उतरवायलाही हीच केबल कामी येईल.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वायफाय बंद पडलं म्हणून कुणी मशीन घेऊन आलं की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मशीनला वायफायचं कार्ड, म्हणजे आतला वायफायचा छोटा सुटा भाग, दिसतंय का? दिसत असेल तर रोग बहुधा विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. दिसत नसेल तर कार्ड अडकलंय, निसटलंय, कुणीतरी बंद केलंय किंवा मेलंय. या एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय म्हणजे अंधारात दगड मारणं.

पण त्याच्याही आधी एक काम करा, कारण तुमच्यासारख्या तक्रारीत, म्हणजे रात्री चालत होतं आणि सकाळी पर्यायच गायब, यात ते फार वेळा लागू पडतं. मशीनमधली सगळी वीज निपटून काढायची.

हे का करायचं ते समजून घ्या. वायफाय कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यात त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलंच सॉफ्टवेअर, चालतं. झोपेतून उठताना ते कधी कधी अडकतं. तुम्ही लॅपटॉप शट डाउन करून पुन्हा चालू करता तेव्हा वाटतं की सगळं नव्याने सुरू झालं, पण तसं होत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे बंद-चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट जास्त खरा. आणि रीस्टार्ट केलं तरी बॅटरी लावलेली असेपर्यंत कार्डाच्या खाचेला थोडी वीज मिळत राहू शकते. मग अडकलेलं फर्मवेअर अडकलेलंच राहतं.

म्हणून शिफ्टची कळ धरून ठेवून शट डाउनवर क्लिक करा. मशीन पूर्ण बंद झालं की चार्जर काढा. माउस, पेनड्राइव्ह, टीव्हीची केबल, जे जे लावलंय ते सगळं काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही. मग पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर मध्येच मशीन चालू होईल, पुन्हा बंद होईल. घाबरू नका, बोट उचलू नका. नंतर पाच मिनिटं तसंच ठेवा, मग फक्त चार्जर लावून चालू करा.

दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आला होता. वायफाय जाऊन आठवडा झालेला, दोन ठिकाणी मिळून तीनदा फॉरमॅट झालेला. त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि घरच्यांचे फोटो त्या फॉरमॅटमध्ये गेले होते. मी मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला, दहा मिनिटांनी परत लावला आणि वायफाय आलं. बस, एवढंच. फॉरमॅटने डिस्कवरचं विंडोज बदलतं, कार्डातलं अडकलेलं फर्मवेअर बदलत नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून फॉरमॅटला मी एवढा विरोध करतो.

वीज निपटूनही फरक पडला नाही तर आता तो पहिला प्रश्न. विंडोजची खूण असलेली कळ आणि एक्स एकत्र दाबा, आलेल्या यादीत डिव्हाइस मॅनेजर निवडा. त्यात नेटवर्क अडॅप्टर्सची ओळ उघडा. वर व्ह्यूमध्ये जाऊन शो हिडन डिव्हाइसेस चालू करा, म्हणजे पूर्वी होतं पण आता सापडत नाही असं कार्ड पुसट चिन्हाने दिसेल. वायफाय कार्डाच्या नावात वायरलेस, वायफाय, डब्ल्यूलॅन किंवा ८०२.११ असं काहीतरी असतं. इंटेल, रियलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम यांपैकी कुणाचं तरी असेल. ते नाव आत्ताच कागदावर उतरवून घ्या, पुढे ड्रायव्हर शोधताना लागेल.

नाव दिसतंय आणि त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. कोड १० म्हणजे कार्ड सापडलं पण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे कार्डानेच काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते डिसेबल केलंय, तेव्हा राइट क्लिक करून एनेबल करा, संपलं. नाव पुसट आहे आणि कोड ४५ आहे, तर ते आत्ता मशीनला जोडलेलंच नाही असं विंडोजचं म्हणणं आहे. नावच नसेल तर अदर डिव्हाइसेसमध्ये नेटवर्क कंट्रोलर अशी अनाथ ओळ आहे का बघा. ती असली तर कार्ड जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर हवाय.

आता एक खूण सांगतो, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ब्लूटूथ चालतंय का ते बघा. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात, पण बहुतेक कार्डांत त्यांचे मदरबोर्डाकडे जाणारे रस्ते वेगळे असतात. वायफाय पीसीआय एक्स्प्रेसने जातं, ब्लूटूथ यूएसबीने. दोन्ही एकदम गेले असतील तर कार्ड निसटलं, त्याची वीज गेली किंवा ते मेलं, अशी शंका आधी घ्यायची. ब्लूटूथ ठणठणीत आहे आणि फक्त वायफाय गेलंय, तर कार्ड खाचेत बसलेलं आहे, त्याला वीजही मिळतेय. मग ड्रायव्हर, सेटिंग किंवा कार्डाचा वायफायवाला भाग इतकंच उरतं. मदरबोर्ड म्हणणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारून बघा. त्याने ब्लूटूथ तपासलं नसेल तर त्याचं निदान अजून झालेलं नाही.

कार्ड दिसतंय पण त्रिकोण आहे, असं असेल तर ड्रायव्हरकडे वळा. विंडोज अपडेट रात्री न विचारता नवा ड्रायव्हर बसवतं, आणि तो तुमच्या मॉडेलला मानवेलच असं नाही. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक ड्रायव्हर आहे. ते बटण पुसट असेल तर अपडेट ड्रायव्हर, मग माझ्या कॉम्प्युटरवर शोधतो, मग यादीतून निवडतो असं जा. तिथे त्याच कार्डाच्या दोन-तीन आवृत्त्या पडून असतात, जुनी निवडा. तेही नसेल तर तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून तिथला वायफाय ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नका. त्यांच्यामुळे बिघडलेली मशीन माझ्याकडे नेमाने येतात.

अनइन्स्टॉल डिव्हाइस करायचं असेल तर नवा ड्रायव्हर आधी डिस्कवर उतरवून ठेवा, मगच ड्रायव्हरही काढून टाकायच्या चौकटीत खूण करा. नंतर मशीन रीस्टार्ट करून नवा बसवा. नेटवर्क रीसेट नावाचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो चालतो, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून तो माझ्या यादीत खाली आहे.

वायफाय पुन्हा मिळालं आणि दोन दिवसांनी परत गेलं, असं झालं तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान आहे का बघा. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण तिथे असते. ती काढून टाका. काही नव्या मशीनमध्ये ते पानच दिसत नाही. तिथे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. लॅपटॉप चालू व्हायला चार-पाच सेकंद जास्त लागतील, त्याला माझी हरकत नाही.

कार्ड अजिबातच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघावं लागतं. पण तिथे हात घालण्याआधी एक सावधगिरी घ्या. विंडोज ११ च्या अनेक मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे त्या कुलुपाची किल्ली, मागितली जाऊ शकते. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असते. फोनवरून खात्यात शिरून ती आधी कागदावर लिहून घ्या. ती किल्ली नसताना कुलूप लागलं तर डेटा गेला म्हणून समजा, मीही तो काढून देऊ शकत नाही.

बायोसमध्ये वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन बंद तर नाही ना ते पाहायचं. कार्यालयीन वापराच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक सेटिंग असतं. लॅनची केबल लावली की वायफाय आपोआप बंद करायचं. एका कार्यालयातले एक गृहस्थ याने महिनाभर हैराण झाले होते. घरी वायफाय चालायचं, ऑफिसात टेबलावरच्या डॉकला, म्हणजे लॅनसकट सगळ्या केबल एकदम जोडणाऱ्या खोक्याला, लॅपटॉप लावला की गायब व्हायचं. त्यांना कुणीतरी नवं कार्डही घ्यायला लावलं होतं. बायोसमधली एक खूण काढली आणि प्रश्न मिटला. जुन्या लॅपटॉपना कडेला वायफायचं खरोखरचं बटणही असायचं. बॅगेत घालताना ते सरकायचं. तुमच्या मशीनला ते नसेल, पण कीबोर्डवर विमानाचं चित्र असलेली कळ एकदा दाबून बघा.

इथवर सगळं करून झालं आणि तरी शंका राहिली, तर विंडोजला बाजूला ठेवून विचारायचा एक मार्ग आहे. उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली आहे, तिचा पेनड्राइव्ह बनवून मशीन त्यावरून चालू करा आणि इन्स्टॉल न करता वापरून बघा म्हणणारा पर्याय घ्या. डिस्कला धक्का लागत नाही. तिथे वायफायची नावं दिसली तर तुमचं कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही धडधाकट आहेत, दोष विंडोजचाच. काही कार्डांचा ड्रायव्हर उबुंटूत तयार नसतो, म्हणून तिथे वायफाय दिसलं नाही एवढ्यावरून कार्ड मेलं असं ठरवू नका. दिसलं तर मात्र निकाल पक्का.

आता झाकण उघडायची वेळ. हे तुम्ही स्वतः करा असं मी म्हणत नाही. पण दुकानात समोर बसून करून घ्या, म्हणजे काय पाहायचं ते कळेल. लॅपटॉप उलटा ठेवून झाकण काढलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटला पाहिजे. तो न काढता कुणी कार्डाला हात लावायला गेलं तर थांबवा. बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलेलं असेल, तर वायफाय विसरा, आधी बॅटरी बदला.

कार्ड म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी हिरवी किंवा काळी पट्टी, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. एकाच स्क्रूने दाबून बसवलेली. स्क्रू काढला की ती स्वतःहून तिरकी वर उचलली जाते. न उचलता तशीच पडून राहिली तर आधीपासून ती नीट बसलेली नव्हती असं समजा. टोकाला सोनेरी पट्ट्या, आणि वर दोन बारीक बटणांवर दाबून बसवलेल्या दोन वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी. त्या वायरी बिजागरीतून पडद्याच्या कडेला जातात. अँटेना तिथे असतो. वायर निसटली म्हणून कार्ड गायब होत नाही, फक्त रेंज जाते. राउटरच्या शेजारी बसलं तरच चालतं आणि दुसऱ्या खोलीत गेलं की तुटतं, ही वायरीची तक्रार. तुमची ती नाही.

कोकणात दमट हवेमुळे आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खाचेच्या आतल्या पिनांवर आणि कार्डाच्या पट्ट्यांवर एक पातळ थर धरतो. डोळ्यांना दिसेलच असं नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या टेबलावर अशीच मशीन होती. पाण्यात न बुडालेली, नुसती ओल्या खोलीत राहिलेली. त्यांच्यातली बरीच कार्डं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, खाच मऊ ब्रशने साफ करून, तीन-चार वेळा आत-बाहेर सरकवल्यावर चालू झाली. पूर्वी मी खोडरबर वापरायचो, आता वापरत नाही. त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत राहतो.

पुसून, नीट बसवूनही मशीनला कार्ड दिसत नसेल तर दुकानदाराकडे चालू स्थितीतलं दुसरं कार्ड लावून बघायला सांगा. दुसरं दिसलं तर तुमचं कार्ड मेलं, मदरबोर्ड चांगला. तुमच्या मशीनला चालणारं, तपासलेलं कार्ड लावूनही ते दिसलं नाही, तेव्हा पहिल्यांदा मदरबोर्ड हा शब्द काढायचा. आणि तेव्हाही बोर्ड बदलायची घाई नको.

नवं कार्ड घेताना एका जागी बहुतेक लोक फसतात. इंटेलची काही कार्डं अर्धीच असतात, त्यांचा उरलेला भाग इंटेलच्याच प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये बसलेला असतो. एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही त्यातली. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही पूर्ण कार्डं. चारही दिसायला सारखी, खाचेत बसतातही सारखी. पण २०१ घेऊन एएमडीच्या लॅपटॉपमध्ये घातलं तर ते कधीच दिसणार नाही, आणि मग बिचाऱ्या मदरबोर्डावर आळ येतो. जुन्या कार्डाच्या लेबलचा फोटो काढून त्यावरूनच नवं घ्या. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बायोस फक्त ठरावीक कार्डंच स्वीकारायचं, तुमचं मशीन एवढं जुनं नाही. काही पातळ मॉडेलमध्ये कार्ड बोर्डावरच डकवलेलं असतं. तसं असेल तर ही सगळी बदलाबदल शक्य नाही.

अशा वेळी, किंवा खर्च नकोच असेल तेव्हा, यूएसबीचा वायफाय डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखं बाहेरून लावायचं वायफाय, घ्या. वर्ग घ्यायला, बँकेचं काम करायला तो पुरतो. ५ गिगाहर्ट्झही चालणारा घ्या. निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टात लावला आणि २.४ गिगाहर्ट्झवर वेग पडला, तर तो दोष डोंगलचा नसेल. यूएसबी ३ च्या तारांमधून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलेलं आहे. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात लावा, नाहीतर हातभर एक्स्टेन्शन केबल लावून लॅपटॉपपासून दूर करा.

कार्ड बदललं किंवा डोंगल लावला की मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर तुमच्या मशीनची ओळख पटवणारा क्रमांक, बदलतो. तुमच्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या वायफायमध्ये मॅक पत्ता नोंदवून परवानगी देत असतील, तर तिथे नवा पत्ता द्यावा लागेल. नाहीतर घरी चालतं आणि शाळेत चालत नाही असा नवाच घोळ सुरू होईल.

तर ताई, आज रात्री एवढंच करा: वीज निपटा, डिव्हाइस मॅनेजर बघा, ब्लूटूथ बघा. मग मला तीन गोष्टी कळवा. कार्डाचं नाव दिसतंय का, त्याच्यापुढे कोड कुठला आहे, आणि फोन ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला जातोय का. तोवर त्या दुकानाला १२ हजारांना हो म्हणू नका.